उसन्या डोक्याची मुंगी

मित्रांनो, मी एक जुनी, वाळलेली, टाचणीवर चढवलेली मुंगी आहे. जिवंत होते तेव्हाचं माझं वय महिन्यांत मोजावं लागेल. मेल्याला मात्र सव्वीस वर्षं होऊन गेली. म्हणजे जगण्यापेक्षा मरण्याचाच माझा अनुभव दांडगा. लांबीला मी तिळाएवढीसुद्धा नाही. "अय्या, कित्ती छोटी!" असं ओरडून झालं असेल, तर जवळ या आणि गुपचूप ऐका. तुमच्या साखरेच्या डब्यात शिरणाऱ्या मुंग्यांशी माझा काडीचा संबंध नाही. साखर मी जन्मात चाखली नाही आणि मला त्याचं काही वाटतही नाही.

एक गोष्ट आधीच सांगते. आज माझ्या धडावर डोकं नाही. मधे चार वर्षं होतं, पण ते दुसरीचं होतं. मग ही बोलते कुठून, असं तुम्ही विचाराल. अहो, मुंगीची अक्कल सगळी डोक्यात भरलेली नसते. थोडी छातीत असते, थोडी पोटात असते. डोकं तुटलं तरी आमचे पाय काही वेळ हलत राहतात. डोक्याशिवाय चालणारी माणसंही मी या खोलीत पुष्कळ पाहिली, फक्त त्यांचं डोकं जागेवर होतं.

माझा जन्म एका दाट, ओल्या रानातला. पाऊस थांबला तरी तिथली झाडं ठिबकत राहायची. जमिनीवर वीतभर पाचोळा कुजत पडलेला असायचा आणि त्याच्याखाली करंगळीएवढ्या पोकळ काटकीत आमचं घर होतं. घरात आम्ही पन्नासही नव्हतो. लाखांनी रांगा लावून फिरणाऱ्या मुंग्या वेगळ्या. आम्ही मोजक्या, मंद आणि मातीच्या रंगाच्या. कुणी हात लावला तर पाय पोटाशी घेऊन कचऱ्यासारख्या पडून राहायचो. त्यामुळे आम्हाला कुणी ओळखत नाही. ओळख सांगणारे आहेत थोडे, पण त्यातले निम्मे चुकीची सांगतात. तेव्हा माझ्याकडूनच ऐका.

आमच्या कंबरेला दोन गाठी असतात आणि त्यांच्याभोवती पावाच्या आतल्या भागासारखं पांढरट, जाळीदार काहीतरी चिकटलेलं असतं. ते कशासाठी, ते मलाही ठाऊक नाही. दोन्ही खांद्यांवर एकेक लांब केस असतो, टोकाशी आकड्यासारखा वळलेला. पण एवढ्यावर जाऊ नका, असा केस आमच्या दूरच्या बहिणींनाही असतो. खरी ओळख डोक्यात आहे. डोकं बदामाच्या आकाराचं, जबडे लांब आणि सरळ. जबड्याच्या टोकाला दोन दात आणि बरोबर मध्यावर तिसरा. तो मधला दात फक्त आमचा. आणि मिशीला पेरं सहा. चार नाहीत, पाच नाहीत, सहा. हे पाठ करून ठेवा. एका बाईचं सगळं आयुष्य या सहा पेरांपायी मातीत गेलं.

आम्ही भोळ्याभाबड्या होतो असं मात्र समजू नका. पाचोळ्यात उड्या मारणारे इवले किडे असतात, त्यांच्यासमोर मी जबडे सताड उघडून तासन् तास उभी राहायचे. किडा मिशीला लागला की खटकन जबडे मिटायचे. तो तडफडत असतानाच मी त्याला घरी न्यायचे आणि आमची बाळं त्याला जिवंतच खायची. एकदा माझी सख्खी बहीण कुठल्याशा चिकात पडली आणि घरी आली ती परका वास घेऊन. आमच्यात आपलं कोण, परकं कोण, ते वासच ठरवतो. पाठीला पाठ लावून झोपणारी बहीण ती, पण आम्ही चौघींनी तिला दारातच धरली आणि पाय उपटून काढले. मी डावा मागचा काढला. ती ओरडली नाही, मुंग्यांना ओरडता येत नाही. दुसऱ्या दिवशी मला तिची आठवणही आली नाही. तेव्हा माझी कीव वगैरे करायची असेल तर जरा जपून करा.

एके दिवशी आमचं छप्पर उडालं. रानात माणसं आली होती. त्यांनी हातमोजे घालून पाचोळा ओरबाडला, चाळणीत घातला आणि गदागदा हलवला. आमची काटकी मोडली. राणी कुठं पडली ते मला दिसलंही नाही. चाळणीखाली जे पडलं ते त्यांनी जाळीच्या पिशवीत भरलं, ती पिशवी एका कापडी पिशवीत घातली आणि दोरीनं टांगली. खाली बांधली होती स्पिरिटची बाटली.

या पिशवीत कुणी कुणाला मारत नाही. पाचोळा हळूहळू वाळत जातो, एवढंच. ओल जाते तसे जीव खाली सरकतात. सगळे आपल्याच पायांनी जातात. मी पहिला दिवस काढला, दुसरा काढला. तिसऱ्या दिवशी अंग कोरडं पडायला लागलं तेव्हा मीही खाली निघाले आणि जाळीच्या भोकातून पाय सुटला. स्पिरिट गार असतं, पण आत गेल्यावर भाजतं. बाटलीत आधीच शेकडो जण तरंगत होते. आमच्या घरातली मात्र मी एकटीच होते. बाहेरून एक माणूस म्हणाला, "बाटली बरी भरली हं!" आणि त्यानं पेन्सिलीनं एक चिठ्ठी लिहून आत सोडली. शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिल.

तिथून मी आले ती थेट संग्रहालयाच्या या खोलीत. भिंतीभर लोखंडी कपाटं, कपाटांत लाकडी खण, खणांत टाचण्या आणि प्रत्येक टाचणीवर एक मेलेला जीव. डांबरगोळ्यांचा वास इतका की नव्या माणसाच्या डोळ्यांना पाणी येई. खिडकीजवळच्या टेबलाशी एक बाई बसायच्या. त्यांना सगळे डिंकताई म्हणायचे, कारण दिवसभर त्या मुंग्यांना डिंक लावायच्या. आमच्यासारख्या बारीक जिवात टाचणी खुपसता येत नाही. म्हणून कागदाचा नखाएवढा त्रिकोण कापायचा, त्याच्या टोकाला डिंकाचा ठिपका द्यायचा, त्यावर मुंगी बसवायची आणि टाचणी त्या कागदातून घालायची. ठिपका मोठा झाला तर मुंगी बुडते, लहान झाला तर गळते. डिंकताईंचा ठिपका कधी चुकला नाही. श्वास रोखून काम करायच्या आणि मुंगी बसली की म्हणायच्या, "हं, बसा आता आरामात. कुठं जायचंय तुम्हाला?"

मग चिठ्ठी. तांदळाच्या दाण्यावर मावेल अशा अक्षरात त्या लिहायच्या: कुठं सापडली, कधी सापडली, कुणी पकडली, कुणी ओळखली. पकडणाऱ्याचं नाव असे, ओळखणाऱ्याचं असे. चिकटवणारीचं नाव लिहायची पद्धत नव्हती. वीस वर्षांत चाळीस हजार चिठ्ठ्या झाल्या होत्या. एकदा डबा खाता खाता त्या झाडणाऱ्या मामांना म्हणाल्या, "मामा, एवढी नावं लिहिली मी. एका चिठ्ठीवर माझं असतं तर काय बिघडलं असतं हो?"

मामा म्हणाले, "ताई, मी रोज या इमारतीतल्या सगळ्यांच्या नावाच्या पाट्या पुसतो. माझी पाटी कुठंय?"

दोघं हसले. मामांना ते हसून विसरता आलं, बाईंना आलं नाही. वडिलांनी हौसेनं ठेवलेलं चांगलं चारचौघींसारखं नाव होतं, पण या इमारतीत ते कुणाला माहीतही नव्हतं. ते नाव एकदा, एका तरी चिठ्ठीवर यावं, एवढीच त्यांची हाव होती. हाव म्हणते मी. लहान असली तरी ती हावच.

मला त्यांनी ब्रशाच्या टोकानं उचललं, त्रिकोणावर बसवलं आणि सवयीनं दुर्बिणीखाली धरलं. दुर्बीण म्हणजे बारीक गोष्टी मोठ्या करून दाखवणारी, तारे बघायची नव्हे. त्या थबकल्या. मिशीची पेरं त्यांनी तीनदा मोजली. मधला दात बघितला, दिवा सरकवून परत बघितला. मग मला घेऊन जवळजवळ पळतच त्या सरांच्या खोलीत गेल्या.

सर म्हणजे मुंग्यांच्या विभागाचे मुख्य. मोठे विद्वान. बोलताना समोरच्याकडे नाही, समोरच्याच्या मागच्या भिंतीकडे बघायचे.

"सर, ही वेगळी आहे. सहा पेरं आहेत आणि जबड्याच्या मधोमध दात आहे. आपल्या एकाही खणात अशी नाही."

"बाई, तुम्ही चिकटवा. ओळखायचं आम्ही बघतो."

तरी त्यांनी मला ठेवून घेतलं. आठवडाभर मी त्यांच्या टेबलावर पडून होते. मग एका दुपारी डिंकताई चिठ्ठ्या द्यायला गेल्या असताना सरांनी मला पहिल्यांदा नीट बघायला घेतलं. आधी धड बघितलं. खांद्यावरचा आकडेदार केस बघून त्यांची भुवई वर गेली. "अरे वा! असा केस या भागात कुणाला मिळालेला नाही." मग डोकं बघायचं म्हणून त्यांनी जास्त ताकदीचं भिंग लावलं, बाईंशी बोलता बोलता चाक फिरवलं आणि फिरवलं ते उलटं. भिंग वर जायचं ते खाली आलं. कट्, असा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला.

माझं डोकं भिंगाला चिकटून वर गेलं. सरांना समोर नुसतं धूसर दिसलं. भिंगाला धूळ लागली असेल म्हणून त्यांनी सवयीप्रमाणं फुंकर मारली, खिशातून रुमाल काढला आणि भिंग लख्ख पुसलं. डिंकताई "सर, थांबा, थांबा!" म्हणेपर्यंत माझे जबडे, माझा मधला दात आणि माझी सहा पेरं त्या रुमालात भुकटी होऊन गेली होती. नंतर त्याच रुमालात त्यांनी नाक शिंकरलं. हसा की, मलाही तेव्हा हसू आलं असतं.

सरांनी रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग सर म्हणाले, "पंधरा दिवसांत लेख पाठवायचाय. त्या पाचोळ्यात अशी दुसरी नव्हती?"

"सगळ्या बाटल्या बघितल्या सर. एकच होती. पण मी डोकं नीट बघितलंय. सहा पेरं, मधे दात. तसं लिहा तुम्ही."

"तुमच्या शब्दावर? आणि बिनडोक मुंगीचा लेख छापणार कोण?" सरांनी कपाटातून एक काचेची नळी काढली. तिच्यात आखूड जबड्यांच्या, चार पेरांच्या, कुठंही ढिगानं मिळणाऱ्या मुंग्या होत्या. "यातलं एक डोकं बसवा."

"सर, हे खोटं होईल."

"मुंग्यांची डोकी, बाई, उन्नीस-बीस."

डिंकताई नळीकडे बघत उभ्या राहिल्या. नाही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं होतं, मी साक्षीला आहे. तेवढ्यात सर आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "आणि हिला तुमचं नाव देऊ. तुम्ही शोधलीत ना? साऱ्या जगाच्या पुस्तकांत तुमचं नाव जाईल. कायमचं."

खोटं कशाला बोलू? बाईंना मोह झाला. त्या संध्याकाळी त्यांनी एका परक्या मुंगीचं डोकं कापलं आणि माझ्या मानेवर बसवलं. सुईच्या टोकावर मावेल एवढा डिंक वापरला. असं सुरेख काम त्यांच्या हातून आधी झालं नव्हतं, नंतरही होणार नव्हतं. या खेपेला मात्र त्या मला "बसा आरामात" म्हणाल्या नाहीत.

लेख छापून आला आणि एकच गवगवा झाला. आकडेदार केस आणि चार पेरं एकाच मुंगीत! असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. दिसणार कसं, असं काही नव्हतंच. खऱ्या मला कुणी एवढं डोक्यावर घेतलं नसतं, पण खोट्या मला सगळ्या जगानं घेतलं. सरांना पदक मिळालं. आणि माझ्या चिठ्ठीवर डिंकताईंचं नाव आलं, शास्त्रातल्या नावांना लावतात तसं मागं एक परदेशी शेपूट लावलेलं. ती चिठ्ठी त्यांनी स्वतःच लिहिली. सहा कागद वाया घालवले. घरी त्यांनी लेकीला लेखाची प्रत दाखवली. लेक म्हणाली, "आई, तुझं नाव मुंगीला?" आणि लाडानं त्यांच्या गळ्यात पडली. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सांगितलं. सांगताना त्या दुसरीकडे बघत होत्या.

चार वर्षं अशी सुखात गेली. मग दूरच्या एका संग्रहालयातून पाहुण्या बाई आल्या. जाड चष्मा, आवाज मऊ. त्यांचं सारं आयुष्य मिशीची पेरं मोजण्यात गेलेलं. आकडेदार केस आणि चार पेरं हे काही त्यांच्या पचनी पडलं नव्हतं, म्हणून आगगाडी, जहाज करत मला बघायला आल्या होत्या. सर चहा मागवतायत, गप्पा मारतायत, पण त्यांचं लक्ष नव्हतं. मला उजेडात फिरवून त्या म्हणाल्या, "मुंगीची मान चकाकत नाही हो. हिची चकाकते."

सरांचा चेहरा मी समोरून बघितला. पापणी लवायच्या आत त्यांनी तो बदलला. "काय सांगता!" असं म्हणून ते उठले, स्वतः दुर्बिणीत बघितलं आणि हाक मारली, "बाई, इकडं या. हे काय केलंत तुम्ही?"

खोलीत सात-आठ माणसं जमली होती. डिंकताई सरळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सरांनी सांगितलं म्हणून बसवलं. खरं डोकं तुटलं होतं. त्याला सहा पेरं होती आणि जबड्याच्या मधे दात होता. मी बघितला होता."

"मी सांगितलं?" सर दुखावल्यासारखे हसले. "मी माझीच मुंगी खोटी करीन?"

पाहुण्या बाईंनी विचारलं, "पण या तरी का करतील?"

सरांनी टाचणी उचलली आणि चिठ्ठी पाहुण्या बाईंसमोर धरली, फक्त बोट ठेवलं. तिथं डिंकताईंचं नाव होतं, त्यांच्याच सुबक अक्षरात. सगळ्यांनी वाकून वाचलं. सगळ्यांना पटलं. मामा कोपऱ्यात झाडू घेऊन उभे होते, त्यांनासुद्धा पटलं, ते मला त्यांच्या मान खाली घालण्यावरून कळलं. बक्षीस म्हणून दिलेलं नाव पुराव्याच्या कामाला आलं. सरांनी ते देतानाच इतक्या पुढचं बघितलं होतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

बाईंची नोकरी गेली आणि पुढचं त्याहून वाईट झालं. उसनं डोकं उतरवायचं होतं आणि धड न मोडता ते उतरवतील असे हात त्या इमारतीत एकच होते. "जाण्याआधी एवढं करून जा," सर म्हणाले. आठ माणसांच्या देखत डिंकताई टेबलाशी बसल्या. ब्रशानं कोमट पाण्याचा थेंब माझ्या मानेवर ठेवला, डिंक भिजेपर्यंत वाट बघितली आणि डोकं अलगद सोडवलं. त्यांचा हात तेव्हाही चुकला नाही. मग पिशवी उचलून निघून गेल्या. जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. तो मामांनी आठवडाभरानं भंगारात टाकला.

आता चिठ्ठीचं काय? तर या विद्वानांच्यात एकदा छापलेलं नाव पुसायची पद्धत नाही. त्यामुळे मी, बिनडोक धड, कायमची डिंकताईंच्या नावाची झाले. जगात कुठंही संग्रहालयातल्या लबाडीवर कुणी बोलायला उभं राहिलं की पहिलं उदाहरण माझं देतात आणि माझं म्हणजे त्यांचं नाव घेतात. साऱ्या जगाच्या पुस्तकांत नाव जाईल, असं सर म्हणाले होते. शब्दाचे पक्के निघाले.

त्यानंतर अकरा वर्षांनी दुसऱ्या एका रानातल्या पाचोळ्यात माझ्या जातीची एक मुंगी मिळाली. धड शाबूत, डोकं शाबूत. सहा पेरं, मधला दात. मी खणातून बघितलं आणि ओळखलं, ती आमच्यातलीच. पण नव्या विद्वानांनी माझ्याशी पडताळायला घेतलं तर मला डोकंच नाही. नुसत्या धडावरून काही ठरत नाही म्हणाले, आणि तिला नवी जात ठरवून नवं नाव दिलं. सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांच्या सचोटीच्या सेवेबद्दल आदर म्हणून ते नाव सरांचं दिलं. सहा पेरं आणि मधला दात हे शब्द कुणाच्या तोंडून ऐकले होते, ते सरांना आठवत नव्हतं असं मी मानत नाही. त्यांनी छोटंसं भाषण केलं आणि हार घालून घेतला.

आणि आता गेल्या आठवड्यातलं सांगते. संग्रहालय सगळ्यांसाठी खुलं होतं. शाळेची मुलं आली होती, प्रत्येकाबरोबर घरचं एक मोठं माणूस. काचेच्या पेटीत आम्हा दोघींना शेजारी शेजारी ठेवलं होतं, तिच्याखाली पाटी ‘अस्सल’ आणि माझ्याखाली ‘नक्कल’. सर प्रमुख पाहुणे म्हणून खुर्चीत बसले होते. माहिती सांगायला एक गमत्या तरुण होता. त्यानं डोकं चिकटवण्याची गोष्ट हातवारे करून सांगितली आणि मग ते लांबलचक, परदेशी शेपटाचं नाव मुलांकडून एका सुरात म्हणवून घेतलं. एकदा, दोनदा, तीनदा. मुलं हसून हसून लोळायची बाकी होती. सगळ्यात मोठ्यानं हसत होती दोन वेण्यांची एक मुलगी. ती मागं वळून म्हणाली, "आजी, कसलं विचित्र नाव गं!"

मागं डिंकताई उभ्या होत्या. केस पांढरे, पाठीला बाक.

"हो ना," त्या म्हणाल्या.

"आजी, ये ना, भिंगातून बघ!" नातीनं त्यांना ओढतच पेटीपाशी आणलं. त्यांनी आधी मला बघितलं, पण डोळे माझ्यावर ठरले नाहीत. मग शेजारचीला बघितलं आणि तिथंच खिळल्या. भिंगापलीकडे त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्या मोजत होत्या. सहा झाल्यावर त्यांनी वर बघितलं, तरुणाकडे वळल्या आणि म्हणाल्या, "अहो, या दोघी..."

"त्या आजींना कुणीतरी खुर्ची द्या रे," खुर्चीतून सर म्हणाले. आवाजात नुसती माया. "उभं राहवत नाहीये त्यांना."

दोघं-तिघं धावले, खुर्ची आली. डिंकताईंनी सरांकडे बघितलं, मग नातीकडे बघितलं. नात अजून ते नाव घोळवून घोळवून म्हणत होती आणि खिदळत होती. वाक्य तिथंच सोडून त्या खुर्चीत बसल्या.

निघताना दाराशी वही होती. मोठ्यांनी आपलं पूर्ण नाव लिहायचं, सही करायची आणि मुलाला घेऊन जायचं. डिंकताईंची पाळी आली. पेन हातात घेतलं, कागदाला टेकवलं. नात वहीवर वाकून बघत होती. ती नुकतीच नीट वाचायला शिकली होती आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायची. पेन तसंच राहिलं.

"आजी, लिहिता येत नाही का?" तरुण समजुतीनं म्हणाला. "असू दे, लाजायचं काय त्यात? अंगठा द्या."

चाळीस हजार चिठ्ठ्या लिहिणाऱ्या त्या बाईंनी शाईच्या डबीत अंगठा बुडवला आणि वहीवर टेकवला.

"अगं, तुला तर लिहिता येतं की!" नात ओरडली.

"चष्मा घरी राहिला बाळा," असं म्हणून त्यांनी तिचा हात धरला आणि शाईचा अंगठा मुठीत मिटून जिना उतरल्या.

मित्रांनो, माझ्यासारखे गोष्ट सांगणारे शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मला जपू नका. मी सुरक्षित आहे, माझ्या खणात दर वर्षी नव्या डांबरगोळ्या पडतात. तुम्ही फक्त एक करा. त्या दिवशी पेटीपुढं ते नाव तुम्ही मुलांनीच तीनदा म्हटलं होतं, तेव्हा ते पाठ असेलच. त्याचं परदेशी शेपूट तोडा म्हणजे उरेल ते साधं, तुमच्या-माझ्या भाषेतलं, एका बाईचं नाव. ते लक्षात ठेवून आज घरी जा आणि प्रत्येकानं आपापल्या आजीला विचारा, आजी, तुझं नाव काय गं?